सात दिवसांत हरकत

करुणाच्या नावावर आयुष्यात काही चढलं ते थेट त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तेही इंटरनेटवर. घरटॅक्सची पावती नवऱ्याच्या नावाची, तो जाऊन सहा वर्षं झाली तरी. बापाची तीन एकर धानाची शेती भावाच्या नावाची. हातमाग तेवढे तिचे, कोशाच्या रेशमी साड्या तिच्या हातच्या. म्हणून मुलीने, मोनिकाने, वेबसाइट काढायची म्हटल्यावर करुणाने एकच अट घातली होती. नाव माझंच पाहिजे. ‘करुणा हातमाग, पवनी.’ मोनिकाने ते नाव विकत घेतलं, फॉर्मात आईचा मोबाइल आणि ईमेल भरला, तो नेटवर कोणालाही दिसू लागला, आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवसापासून नुसता उच्छाद. कोणी म्हणे लोगो करून देतो, कोणी म्हणे पहिल्या नंबरवर आणतो. एका दीडशहाण्याने तर ‘तुमच्या नावाची मुदत संपत आली, आजच वाढवा’ असं लिहिलं, नाव घेऊन जेमतेम चार दिवस झाले असताना. धोटा हातात असला की फोन हमखास वाजायचा. करुणा त्या न पाहिलेल्या लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि पुन्हा मागावर बसायची.

मग ते परदेशी ईमेल आलं. आम्ही नावांची नोंदणी करणारी संस्था आहोत. दुसऱ्या एका कंपनीने तुमचं हेच नाव चीनसाठी आणि अख्ख्या आशियासाठी मागितलं आहे. सात दिवसांत तुमची हरकत आली नाही, तर नाव त्यांना देऊन टाकू. करुणाने मोनिकाला फोन लावला.

“आई, फसवाफसवी हाये ते,” मोनिका भंडाऱ्याहून फोनवर म्हणाली. “उडवून टाक. उत्तर नको देऊ.”

पण तेवढ्यात टेकचंद आला. करुणाचा थोरला भाऊ, तीस वर्षं पटवारकी केलेला. हरकत आणि मुदत हे दोन शब्द दिसल्यावर तो उडवून कसलं टाकतो? चष्मा लावून त्याने दोन दिवस खपून इंग्रजीत हरकत लिहिली, मुद्दे घालून, क्रमांक टाकून, आणि पाठवून दिली.

त्याचं बक्षीस लगेच मिळालं. इथे कोणीतरी वाचतं आणि घाबरतं, एवढं त्या लोकांना कळलं. ईमेलं तिपटीने वाढली. हरकत पोचली, धन्यवाद, आता नाव वाचवायचं तर ही सहा नावं दहा वर्षांसाठी तुम्हीच विकत घ्या, असं उत्तर आलं.

टेकचंदचं डोकंच फिरलं. करुणाच्या मागाजवळ उभा राहून तो हातवारे करू लागला. “ज्याचं नाव, त्याले इचारलंच नाही. कुठं तरी नोटीस काढाची, कोनी बोललं नाही म्हनून दुसऱ्याच्या नावावर चढवून द्याचं? याले चोरी म्हनतेत, करुणा. सरळ चोरी.”

करुणाने माग थांबवला.

“दादा, मले कोनी इचारलं होतं?”

टेकचंदला कळलं नाही.

“बाबा गेले तवा. जिल्ह्याचे दोन झाले त्याच वर्षी. मी चिखल्याले खदानीच्या कॉलनीत होती. वावराची नोटीस तुह्या दोस्त पटवाऱ्यानं इथं गावच्या फळ्यावर लावली. पंधरा दिवस कोनी बोललं नाही, वारस एकच, टेकचंद. मी काय चिखल्याहून तो फळा वाचून राहिली होती?”

“तुह्या लग्नात बाबानं सगळं केलं होतं ना.”

“बाबानं केलं. तू काय केलं?”

तिला इतका राग आला होता की आवाज चढतच नव्हता. त्यानंतरही सतरा वर्षं ती या माणसाला राखी बांधत आली होती, पोळ्याला त्याच्या घरी करंज्या पाठवत आली होती, आणि हा माणूस आज तिच्याच दारात चोरी कशाला म्हणतात ते तिला शिकवत होता. त्याची तिला शिसारी आली. तिने हिशेबाची वही सोडून मोनिकाची कोरी वही आणली आणि पेनासकट त्याच्यापुढे टाकली.

“लिव. चीनवाल्यायले लिवलं तसंच.”

“सतरा वर्षं झाली, बाई. मुदत गेली.”

“मुदत गेलेल्या लोकायले तू कसं लिवून देतो मग?”

रिटायर झाल्यापासून अर्ध्या तालुक्याचे असले अर्ज त्यानेच लिहिले होते. अपील महसुलाच्या एसडीओ साहेबांकडे जातं, उशीर माफ करावा म्हणून वेगळा कागद जोडावा लागतो, हे त्याला पाठ होतं. मानसुद्धा वर न करता तो खाली बसला. ‘अर्जदार’ लिहून पुढे त्याने करुणाचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. खालच्या ओळीवर, ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्यासाठी, ‘गैरअर्जदार’ लिहिलं, आणि पेन तिथेच अडलं.

करुणा त्याच्या डोक्याशी उभी होती.

“काहून थांबला?” ती म्हणाली. “नाव आठवून नाही राहिलं का त्याचं?”