मेंदू धुणारी गादी

जुन्नरला कापसाच्या गाद्या भरणाऱ्या इस्माईलचाचांना दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक म्हणजे फोमची गादी, आणि दुसरी म्हणजे ते घोरतात असं कुणी म्हणणं. फोमवर बोलायला लागले की गिऱ्हाईक चहा पिऊन, पेपर वाचून उठायचं तरी चाचांचं चालूच. घोरण्याच्या बाबतीत मात्र ते एवढंच म्हणत, ‘‘मी घोरत न्हाई.’’ विषय संपला. खरं म्हणजे त्यांचं घोरणं अख्ख्या गल्लीला पाठ होतं. शेजारचं तान्हं पोर त्याच आवाजावर झोपायचं, आणि चाचा आळेफाट्याला मेहुण्याकडे मुक्कामाला गेले की त्या घरात रडारड व्हायची.

त्यांच्या बायकोने, नजमुन्निसाने म्हणजे नजमाने, या घोरण्याबद्दल उभ्या संसारात एका शब्दानेही तक्रार केली नव्हती. आणि आता तिला तक्रार करायची असती तरी शब्द सापडला असता की नाही कोण जाणे. कारण हल्ली ती विसरत होती. चहात मीठ पडलं तेव्हा सगळे हसले. गादीला टाके घालायची लांब सुई फ्रिजमध्ये भेंडीच्या शेजारी सापडली तेव्हाही हसले. पण ईदच्या दिवशी तिने लाडक्या नातीला, अर्शियाला, ‘‘तू कुणाची गं?’’ असं विचारलं, तेव्हा कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून इस्माईलचाचा मनात एकच हिशेब करत होते. नातीचा नंबर लागला, म्हणजे पुढचा आपला. बाकी काय विसरायचं ते विसरू दे, पण मला विसरू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

नारायणगावच्या डॉक्टर तेजस्विनीताईंनी तपासण्या केल्या आणि शेवटी विचारलं, ‘‘झोप कशी आहे?’’

‘‘दादी रात्रीची उठून बसते,’’ अर्शिया म्हणाली.

‘‘मग आधी तिकडे बघा. दिवसभर मेंदू काम करतो, आणि काम म्हटलं की कचरा आला. गाढ झोपेत मेंदूतून पाणी खेळतं आणि तो कचरा वाहून नेतं, असं संशोधक म्हणतात. अजून सगळं पक्कं कळलेलं नाही. गेलेलं परत येईल असंही मी म्हणणार नाही. पण त्यांची झोप मोडू देऊ नका.’’

एवढ्या बोलण्यातून चाचांनी एकच शब्द उचलला. झोप म्हणजे गादी, आणि गादी म्हणजे आपण! सगळ्या तालुक्याला झोपवणाऱ्या माणसाला हे अवघड का जावं? त्यांनी उत्तम कापूस आणला, सरकीचा कण न् कण हाताने वेचला, पिंजला, आणि अशी गादी भरली की स्वतःच तिच्याकडे बघत बसले.

तेवढ्यात वारूळवाडीचा सोपान उशा न्यायला आला. हा टोमॅटो पिकवायचा आणि बातम्या पिकवायचा. ‘‘ही कुणाची राव?’’ त्याने विचारलं. चाचांनी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्याला सांगितलं, आणि ही चूक त्यांना लई महागात पडली. पुढच्या बाजाराला लोक ‘मेंदू धुणारी गादी’ मागत आले. एका बाईंनी तर हळूच विचारलं, ‘‘चाचा, नवऱ्याचा मेंदू धुवायचाय. सिंगल पुरंल का डबल लागंल?’’

‘‘अवो ताई, गादी न्हाई धूत, झोप धुती!’’ चाचा कळवळून सांगत. पण ऐकतो कोण? सोपानने स्वतःसाठी आगाऊ एक सांगून ठेवली होती.

आणि जिच्यासाठी ती गादी भरली, ती मात्र त्या गादीवर टक्क जागी. मग अर्शियाने मोबाईल काढला. ती अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती, त्यामुळे तिला पुराव्याशिवाय बोलायची सवय नव्हती. आजोबांना म्हणाली, ‘‘दादा, तुमचं घोरणं मी रेकॉर्ड केलंय. दादी यानंच उठते. ऐका.’’

‘‘ते पिंजायचं मशीन असंल.’’

‘‘रात्री मशीन बंद असतं.’’

‘‘मग ट्रक असंल.’’

‘‘आपल्या गल्लीत? सायकल नीट वळत नाही!’’

चाचांनी हातातला कापूस दोन्ही कानांत कोंबला आणि कामाला लागले.

पण मनात किडा वळवळलाच. त्यांनी गुपचूप आपल्या सदऱ्याच्या पाठीला एक छोटा लोड शिवून घेतला, उताणं होता येऊ नये म्हणून. त्या रात्री घोरणं बंद झालं. तर नजमाने त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, मग खांदा धरून गदागदा हलवलं, आणि माणूस जिवंत आहे हे बघून पुन्हा बसून राहिली. सकाळपर्यंत हेच. शेवटी चाचा गादीची वळकटी घेऊन दुकानात राहायला गेले. ‘‘मी काय घोरत न्हाई,’’ जाताना ते म्हणाले, ‘‘पण माल आलाय. राखण पायजे.’’

ते गेले आणि नजमाची उरलीसुरली झोपही गेली. दिवसभर ती दारं उघडून बघायची, कपाटाचंसुद्धा. एका दुपारी तिने चपला घातल्या आणि कुठे निघालीस म्हणून विचारत अर्शिया मागोमाग आली. नजमा थेट दुकानाच्या पायरीशी येऊन थांबली. पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, ‘‘भाऊ, आमच्यात एक माणूस व्हता. लई घोरायचा. आता आवाज येत न्हाई त्याचा. मला झोप कशी लागंल? तुमी कुठं बघितला का?’’

इस्माईलचाचांच्या हातातली सुई खाली पडली. नंबर लागला होता. रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, पण ती उत्तराची वाट बघत उभी होती.

‘‘अर्शिया,’’ ते म्हणाले, ‘‘ते मोबाईलवरचं लाव.’’

जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं घोरणं ऐकलं. ‘‘या अल्ला, एवढं?’’ लाजेने त्यांचे कान लाल झाले. मग ते गादीवर उताणे झाले, डोळे मिटले आणि जमेल तसे घोरू लागले.

‘‘असं न्हाई,’’ नजमा नाराजीने म्हणाली. ‘‘त्यो मधी थांबायचा. मग शिट्टी.’’

चाचांनी पुन्हा ऐकलं. मान हलवत, बोटाने ताल धरत. थांबायची जागा लक्षात घेतली, शिट्टी नाकाच्या कोणत्या बाजूने येते ते पाहिलं, आणि परत सुरुवात केली. घर्रर्र, थांबणं, मग बारीक लांब शिट्टी.

नजमाचा चेहरा सैल झाला. ‘‘आलात व्हय,’’ ती म्हणाली. चपला काढून त्यांच्या शेजारी कलंडली आणि बघता बघता झोपली. तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

‘‘दादा, लागली झोप,’’ अर्शिया कुजबुजली. ‘‘बास आता.’’

पण चाचांना बास करवेना. थांबलो आणि ती उठली तर? घसा सुकला, तरी ते घोरत राहिले. आत कुठेतरी पाणी खेळत असेल, वाहून नेत असेल, नेऊ दे.

तेवढ्यात दारात सोपान आला, आपली गादी न्यायला. बघतो तर चाचा उताणे, डोळे सताड उघडे, कानशिलांवरून पाणी ओघळतंय आणि घोरणं जोरात चाललंय.

‘‘चाचा,’’ तो गोंधळून म्हणाला, ‘‘तुमी तर घोरत न्हाई ना?’’

इस्माईलचाचांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शिट्टी घातली.