सरदाराचा सोन्याचा दात

या सहलीतून डॉक्टरला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक, धाकट्या बहिणीचं लग्न. दोन, ते जमलं की वरच्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्या. तिथे त्याने मनातल्या मनात दवाखान्याची नवी खुर्ची बसवून, पडदेसुद्धा लावून टाकले होते. तीन, सव्वीस वर्षं जेवताना समोर खाली घातलेली तिची मान जरा वर झालेली दिसली असती. पहिल्या बाबीला तो माया म्हणायचा, दुसरीचा उच्चार करायचा नाही आणि तिसरीचा विचार आला की ताटातलं मीठ शोधायला लागायचा.

डॉक्टर म्हणजे दातांचा. बहीण शाळेत गणित शिकवायची. नवरदेव म्हणून हेरलेला गृहस्थ म्हणजे त्याचा जुना मित्र, वकील. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी लांब नांदत होती, घर मोठं आणि स्वभाव गरीब. शिवाय तो वर्षानुवर्षं दर महिन्याला फळांची पिशवी घेऊन यायचा, बहिणीच्या हातात द्यायचा आणि तिच्याकडे न बघता चहा पिऊन जायचा. या वयात माणूस इतका लाजतो म्हणजे नक्की पाणी मुरतंय, असं डॉक्टरने धरलं. पाणी मुरत होतंच. कुठे, ते त्याने बघितलं नाही.

सहल आखली तिसऱ्या मित्राने. त्याला सगळे नकाशा म्हणत. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस पडकी भिंत दिसली की गाडी थांबवायचा आणि तिच्यावरून कोण कधी उतरलं ते उन्हात उभं करून सांगायचा. दोन दिवसांत त्याने तिघांना तीन किल्ले, एक पूल आणि एक धान्याचं कोठार दाखवलं. डॉक्टर दर वेळी बहिणीला आणि वकिलाला मागे सोडून पुढे पळायचा. एवढी घाई कसली, असं नकाशाने विचारलं, तर म्हणाला पाय मोकळे करतोय. मागे ती दोघं हातभर अंतर ठेवून, शाळेच्या सहलीतल्यासारखी चालत असायची.

हे मित्र मुळात चौघं होते. चौथ्याचं नाव बत्तीशी, कारण त्याचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी बहिणीचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. कपडे शिवून आले होते, आमंत्रणं गेली होती, आणि लग्नाला आठवडा असताना तो नाहीसा झाला. तो कुठे गेला ते वकिलाने सांगितलं. मीच त्याला रेल्वेत बसवून आलो, म्हणाला. त्याला हे लग्न नको होतं, शोधू नका म्हणाला, आणि खिडकीतून हसत हात हलवत गेला. ते हसणं सगळ्यांना इतकं खरं वाटलं, की कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बत्तीशीचं नाव त्या दिवसापासून घरात बंद. बहिणीला मात्र गावाने नाव ठेवलं: टाकलेली. पुढे दोन स्थळं आली, तीही तेवढं विचारून परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नकाशाने वाटेतला आणखी एक किल्ला काढला. वकील म्हणाला, तिथे दगडांशिवाय काही नाही, पुढे चला. नकाशा म्हणाला, तू कधी पाहिलास? वकील म्हणाला, ऐकलंय. मग त्याचं पोट बिघडलं. गाडी किल्ल्याखालच्या वाडीत थांबली तेव्हा तो पुढच्या सीटवर वर्तमानपत्र उघडून बसला, काचही वर घेतली. डॉक्टरचा सगळा बेत फसला. चिडून तो बहीण आणि नकाशाबरोबर उतरला.

वाडीच्या लोकांनी एका बंद पडलेल्या शाळाखोलीत संग्रहालय मांडलं होतं. किल्ली शेजारच्या बाईंकडे. त्या कपडे पिळता पिळता आल्या, ओले हात पदराला पुसले आणि कुलूप काढून दिवा लावला. जाती, तोफेचे गोळे, गंजलेले भाले. आणि मधोमध, काचेच्या लांब पेटीत, निळ्या कापडावर एक सांगाडा.

"हे आमचे सरदार," बाई घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तशा म्हणाल्या. दुष्काळात किल्ल्यावरचं पाण्याचं मोठं टाकं पहिल्यांदा आटलं, गाळ काढताना हे सापडले. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून उडी घेतली असणार. हा त्यांचा कंबरपट्टा, आणि खानदानी माणूस, म्हणून तो बघा सोन्याचा दात.

कंबरपट्टा म्हणजे पितळी बक्कल होतं. नकाशाने चष्मा वर केला आणि म्हणाला की असं बक्कल त्याच्याकडेही होतं, कॉलेजात. त्यावर तो स्वतःच हसला.

डॉक्टर हसला नाही. सवयीने त्याने खिशातली छोटी बॅटरी काढली होती, कारण तोंड उघडं दिसलं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. उजेड दातावर पडला. वरचा, उजवीकडचा, सुळ्यामागचा. सोन्याच्या टोपीच्या कडेला नखाएवढा अर्धचंद्र चेपलेला होता.

तो चेप त्याचा होता. दवाखाना उघडल्याच्या वर्षी, पहिली सोन्याची टोपी बसवताना त्याचा चिमटा घसरला होता. खुर्चीत बत्तीशी होता, सायकलवरून पडून दात मोडून आलेला. सोनंच बसव, हसलो की झळकलं पाहिजे, म्हणाला होता. होणाऱ्या मेव्हण्याचं काम बिघडलं म्हणून डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लग्न झालं की ये, बदलून देतो, असं त्याने सांगितलं होतं. बदलायचा राहिला.

त्याने बॅटरी विझवली. डोक्यात एकच चाललं होतं: हिला बाहेर न्यायचं, काहीतरी बोलायचं, जेवणाचं काढायचं. तो वळला. बहीण पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि तिची मान वर होती.

"दादा, बॅटरी लाव," ती म्हणाली.

त्याने लावली. ती वाकून बघत राहिली, वहीतलं गणित तपासावं तशी, वरपासून खालपर्यंत. मग सरळ झाली आणि चालत बाहेर गेली. डॉक्टर मागे धावला. नकाशाला काही कळलं नव्हतं, तोही धावला.

तिने गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केलं. वकिलाने काच खाली केली.

"स्टेशनावर काय झालं होतं, परत एकदा सांग," ती म्हणाली.

वकिलाने पाठ असलेलं सुरू केलं. सकाळची गाडी होती, गर्दी नव्हती, मी त्याला बसवलं, आणि तो खिडकीतून हसत... तिथे तो अडकला. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्यामागच्या उघड्या दाराकडे.

"तो टाक्याच्या कठड्यावर चढून हसत होता," तो म्हणाला. "घसरला. मी हाका मारल्या. मला पोहता येत नाही, तुला माहितीये." वकिलीची सनद त्याच आठवड्यात हातात पडायची होती. किल्ल्यावर दोघंच गेले होते. लोक ढकलला म्हणाले असते तर? म्हणून रेल्वे. शोध थांबला, सनद मिळाली.

डॉक्टरला आता फळं आठवली. महिन्यामागून महिना, पिशवीमागून पिशवी. ती त्याने प्रेमाच्या खात्यावर मांडली होती.

नकाशाने खिशातून फोन काढला.

"मेला म्हणाला असतास तर मी रडले असते," बहीण म्हणाली. आवाज चढला नाही. "मग उठले असते. तू पळाला म्हणालास. मी रोज दार वाजलं की त्याला शिव्या द्यायला तयार बसायचे."

वकिलाने तोंड उघडलं. तिने हात वर केला, वर्गात करतात तसा.

पोलिसांना नकाशाने फोन केला. ते येईपर्यंत बहीण आत जाऊन बसली, किल्लीवाल्या बाईंनी तिला स्टूल दिलं. सरदार नव्हेत, हे कळल्यावर बाई आधी रुसल्यासारख्या झाल्या. मग त्यांनी पेटीवरची पाटी स्वतःच काढली आणि ओल्या पदराने काच पुसली.

पुढे वकिलाची चौकशी झाली. घसरला की ढकलला, याला साक्षीदार नव्हता. सनद मात्र गेली. बत्तीशीला त्याच्या भावाने रीतसर अग्नी द्यायला नेलं. वरच्या खोल्यांत खुर्ची बसली नाही. तिथे आता एक फोटो लागला आहे, भरपूर दात दाखवणारा. बहीण जेवायला येते तेव्हा मान वर असते, आणि डॉक्टरची खाली.

म्हणजे हिशेबापोटी वकिलाने सनद भरली, तीही सव्वीस वर्षं वापरून झाल्यावर. डॉक्टरने भरली एक खुर्ची, जी कधी आणलीच नव्हती. बाकीचं सगळं तिने भरलं होतं, आधीच, न मागता, आणि आपण कशाचं भरतोय हे न कळता.