बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या

अन्वर मुलाण्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा मोबाईल गादीवर आपटला. गादीवरच, कारण मोबाईल मुलीचा होता.

"अब्बा, फुटला तर तुम्हालाच नवा आणावा लागेल," गुलफशा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"फुटू दे! ही काय शूटिंग करायची रीत हाय? पैलवान मातीत झुंजतोय आन ह्यो गडी सरपंचाचा फेटा दाखवतोय!"

त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. त्यांच्यापुढं इंद्रजित नावाच्या एका पोराच्या सात कुस्त्या होत्या, यंदाच्या सात जत्रांतल्या, आणि एकाही चित्रीकरणाला ना शेंडा ना बुडखा. किकवीच्या कुस्तीत ऐन मोक्याला मधून कुल्फीची गाडी गेली. नसरापूरच्या कुस्तीत अर्धा वेळ पुढच्या माणसाची टोपी. एका महाभागानं मोबाईल असा धरला होता की त्यात एकच पैलवान मावत होता. तो कुणाशी लढतोय ते आपलं आपण समजून घ्यायचं. आणि सगळ्यांवर हलगीचा कडकडाट, त्यात पाहुण्यांची नावं पुकारणारा कर्णा.

अन्वरभाई स्वतः जुने पैलवान. गेली पंचवीस वर्षं भोर आणि वेल्ह्याच्या जत्रांत कुस्त्यांचं निवेदन त्यांच्याकडं, पण एकाच दिवशी दोन-तीन गावांच्या जत्रा येत, म्हणून ह्या सात त्यांच्या हुकल्या होत्या. हंगाम सरत आला की कुठल्या तरी पैलवानाच्या साऱ्या कुस्त्या बघून ते दोन पानांचा आढावा लिहायचे आणि गुलफशा तो मोबाईलवरच्या कुस्तीच्या ग्रुपला टाकायची. लोक तो वाचायचे, कारण ह्या माणसाला तोंडदेखलं बोलता येत नाही अशी त्यांची ख्याती होती. सख्ख्या पुतण्याबद्दल, वसीमबद्दल, त्यांनी लिहिलं होतं की यानं लंगोट खुंटीला टांगावा आणि टेम्पो चालवावा. वसीम आज टेम्पो चालवतो आणि चाचांना दुवा देतो.

यंदाच्या आढाव्यावर मात्र एका पोराचं नशीब टांगलेलं होतं. पुण्याकडच्या एका नावाजलेल्या तालमीचे रखमाजी वस्ताद एक जागा राखून बसले होते. इंद्रजित भोंगवलीचा, तेवीस वर्षांचा. ना तालीम, ना वस्ताद. कांद्याच्या वखारीमागं माती ओढून एकटाच मेहनत करायचा, गाडीला किक मारून जत्रेला जायचा, मिळेल त्या जोडीशी लढायचा. तेवीस म्हणजे तालमीच्या हिशेबानं उशीरच. यंदा जागा नाही मिळाली तर पुन्हा मिळायची नव्हती. वस्ताद फोनवर म्हणाले होते, "अन्वरभाई, मला गावोगाव फिरणं जमत नाही. तुमचा शब्द आला की पोरगं घेतलं."

पहिल्या चार कुस्त्या बघताना अन्वरभाईंचं काळीज सुपाएवढं झालं. फलटणचा, इंदापूरचा, साताऱ्याचे दोघं, चौघांनाही पोरानं अस्मान दाखवलं होतं. चपळाईनं पट काढायचा, म्हणजे पाय ओढून गडी खाली घ्यायचा, मानेवर कोपर रेटून घिस्सा मारायचा की खालचा पैलवान पलटी होऊन चीत. असा घिस्सा त्यांनी दहा वर्षांत पाहिला नव्हता.

मग उरलेल्या तीन आल्या आणि त्यांचं डोकं फिरलं. किकवी, आंबवडे, विंझर. तिन्हीकडं पोरानं गडी खाली घेतला, कोपर मानेवर नेलं, आता मारणार, आता मारणार, आणि मारतच नाही! नुसता वर बसून राहतो. वेळ संपते, पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, दोघं हात मिळवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. एकदा असं झालं तर दमला म्हणू. तीनदा?

"नुरा!" अन्वरभाई ओरडले. नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. शिव्यांपेक्षा वाईट शब्द. "हरामखोर नुरा खेळतोय!"

पेन उचललं होतं, पण लिहिण्याआधी माणसाला तोंडावर विचारायचं हा त्यांचा नेम. त्यांनी इंद्रजितला भोरला बोलावून घेतलं.

पोरगं दुपारी आलं. दारात चप्पल काढली, पाया पडलं आणि खुर्ची मोकळी असून भिंतीला टेकून उभं राहिलं. अन्वरभाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"विंझरचा गडी तुज्या कोपराखाली व्हता. का सोडलास?"

इंद्रजितला प्रश्नच कळेना. "सोडला म्हंजे? चाचा, त्यो विंझरचाच व्हता की."

"मग?"

"किकवीचा किकवीचा व्हता. आंबवड्याचा आंबवड्याचा. गाववाल्याला त्याच्याच देवापुढं कसा चीत करायचा? पाव्हण्यानं गाव राखावं." तो लाजून हसला. "तुमीच सांगता की माइकवरनं. म्या सात वर्साचा असल्यापास्नं ऐकतोय. तुमी वेल्ह्यात चिमाजी आण्णाला सोडलं व्हतं त्यो किस्सा माज्या बापाला तोंडपाठ हाय."

अन्वरभाईंनी त्याला खुर्चीकडं बोट दाखवलं. गुलफशानं चहा आणून ठेवला. पोरगं फुंकून फुंकून चहा पिऊ लागलं आणि हे त्याच्याकडं बघत बसले.

किस्सा खरंच सगळ्यांना पाठ होता. पस्तीस वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या जत्रेत शेवटची कुस्ती अन्वर मुलाणी आणि वेल्ह्याचा चिमाजी यांची झाली. अन्वर वर, चिमाजी खाली, आणि अन्वरनं डाव न मारता कुस्ती बरोबरीत राखली. सत्काराला माइक हातात आल्यावर तो म्हणाला, पाहुण्यानं गाववाल्याला त्याच्या देवीपुढं पाडू नये. टाळ्यांनी डोंगर दणाणला. पुढं निवेदक झाल्यावर तेच वाक्य ते दर जत्रेला सांगत गेले आणि दोन्ही तालुक्यांत तो रिवाजच पडला.

खरं काय ते एकट्या अन्वरला ठाऊक होतं. चिमाजी त्याच्याच्यानं उलटलाच नव्हता. पंचवीस मिनिटं सगळे डाव करून झाले, दंड भरून आले, नाकातोंडात माती गेली, पण खालचा गडी धोंड्यासारखा पडून राहिला. अन्वर हरला नव्हता, तरी त्याला हरल्यासारखी लाज वाटली, म्हणून देवीचं नाव पुढं केलं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि लोकांनी त्या वाकड्या अंगणाचीच पूजा मांडली.

"इंद्रा, ते जुनं झालं," ते शेवटी म्हणाले. "म्या सांगतो, हितनं पुढं गडी खाली आला की पाडायचा."

"मग तुमी चिमाजी आण्णाला का न्हाई पाडलं?"

इथं एक वाक्य बोललं की काम झालं असतं. ते वाक्य घशापर्यंत आलं आणि अन्वरभाईंनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पस्तीस वर्षं झाकलेली तर आणखीच मोलाची.

"तवा दिवस येगळे व्हते," ते पुटपुटले.

"दिवस बदलले म्हनून देव बदलतोय व्हय?" इंद्रजित म्हणाला, अगदी आदबीनं, आणि निघून गेला.

चिडचिड होऊन अन्वरभाईंनी वस्तादांना फोन लावला. तीन कुस्त्या पोरानं रिवाज म्हणून सोडल्यात, मनात आणलं असतं तर मारल्या असत्या, असं समजावून सांगितलं.

रखमाजी वस्ताद कोरडेपणानं म्हणाले, "भाई, कोपराखालचा गडी सोडतो तो एक तर विकला गेलेला असतो, नाही तर भिडस्त असतो. मला दोन्ही नकोत. वेल्ह्याला त्याची कुस्ती आहे ना परवा? मी स्वतः येतो. तिथं गडी सोडला तर मी तसाच माघारी."

वेल्ह्याला इंद्रजितची जोड लागली होती बंडूशी. आणि बंडू वेल्ह्याचाच. म्हणजे झालंच!

दोन दिवस अन्वरभाई सगळ्यांवर खेकसत होते. जोड बदला म्हणून वेल्ह्याच्या कमिटीला फोन केला, तर पत्रकं छापून झालीत म्हणाले. इंद्रजितला फोन केला, तर तो म्हणाला, "चाचा, तुमी माजी परीक्षा घेताय, कळतंय मला." ह्या पोराला धरून बदडावं की जवळ घ्यावं ते कळेना. आढाव्याचा कागद कोराच राहिला.

जत्रेच्या दिवशी ते दुपारच्या एसटीनं वेल्ह्याला उतरले. स्टँडवर चिमाजी घ्यायला आला होता. आता तो गावचा पंच. केस पांढरे, पण खांदे अजून दारात मावू नयेत असे. दरसाल तोच न्यायला यायचा आणि दरसाल त्याच्या घरी चहा व्हायचा. चिमाजी फारसं बोलायचा नाही. अन्वरभाईंना वाटायचं, माणसाचा स्वभावच तसा.

तोरण्याच्या सावलीत आखाडा गच्च भरला होता. कडेला खुर्चीत रखमाजी वस्ताद, मांडीवर टॉवेल ठेवून. निवेदकाच्या मंडपात अन्वरभाई. शेवटची जोड पुकारली, हलगी कडाडली, शड्डू ठोकले गेले.

बंडू काही ऐरागैरा नव्हता. पहिली पाच-सात मिनिटं नुसती उभ्या-उभ्या खडाखडी झाली, मग त्यानं इंद्रजितला दोनदा आखाड्याच्या कडेपर्यंत रेटत नेलं. अन्वरभाई माइकवर काय बोलत होते ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. बाराव्या मिनिटाला इंद्रजितनं पट काढला. बंडू खाली आला, इंद्रजित वर बसला, कोपर मानेवर गेलं.

आणि थांबलं.

"मार," अन्वरभाई माइकपासून तोंड बाजूला नेऊन म्हणाले. कोण ऐकणार! बंडू जमीन धरून धडपडत होता, इंद्रजित त्याला दाबून होता आणि घड्याळ बघत वेळ काढत होता. लोक आतापासूनच टाळ्या वाजवू लागले. पाव्हण्यानं गाव राखलं! रखमाजी वस्तादांनी टॉवेल खांद्यावर टाकला, पायांनी चपला चाचपल्या आणि ते उठले.

इंद्रजितनं मंडपाकडं पाहिलं. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा त्याचा चेहरा उजळलेला होता. तो चेहरा अन्वरभाईंना सहन झाला नाही.

"हलगी थांबवा!" ते माइकवर ओरडले. हलगी थांबली. "इंद्रजित, ऐक. समद्या गावानं ऐका. पस्तीस वर्सांमागं ह्याच मातीत म्या चिमाजीला सोडलं न्हवतं. माज्याच्यानं त्यो उलटलाच न्हाई! पंचवीस मिन्टं झटलो, न्हाई उलटला. लाज वाटली, म्हनून देवीचं नाव घेतलं. रिवाज न्हाई ह्यो, माजी थाप हाय. तुला माज्या थापेपायी घरी बसायचं न्हाई. मार!"

बंडूनं ते ऐकून मान आणखी घट्ट मातीला लावली आणि इंद्रजितच्या मनगटाला हिसडा दिला. क्षणभर वाटलं, गेला हातचा. मग इंद्रजितनं ओठ आवळले, कोपर रेटलं, सारं अंग पुढं झोकलं. बंडूची पाठ मातीला लागली. स्वच्छ, लख्ख, दोन्ही खांदे.

कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकानं शिवी दिली, कुणीतरी माइकची वायर उपटली. रखमाजी वस्ताद मात्र उठले होते ते आखाड्यात उतरले, इंद्रजितची मान आणि दंड दाबून पाहिले आणि म्हणाले, "सोमवारी ये. अंथरूण घेऊन ये."

पोरगं तोंडानं हो म्हणालं, पण बघत होतं मंडपाकडं. त्या नजरेत आनंद नव्हता. अन्वरभाईंनी मान खाली घातली. एवढा खटाटोप करून पोराचं भलं केलं आणि त्याच पोराला आता त्यांच्याकडं बघवत नव्हतं. स्वतःचाच राग राग येत होता.

चिमाजी मंडपाची पायरी चढून आला. अन्वरभाईंना वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसावीच. पण तो समोरच्या खुर्चीत बसला आणि हळू आवाजात विचारलं, "म्हंजे मला तू सोडलं न्हवतंस?"

"न्हाई."

"तुज्याच्यानं मी उलटत न्हवतो?"

"न्हाई, चिमा. माफ कर."

चिमाजीनं आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"त्या दिसानंतर म्या लंगोट बांधला न्हाई," तो म्हणाला. "गाव म्हनायचं, मुलाण्यानं दया केली म्हनून वाचलास. मला वाटलं, ज्याला दया करून सोडावा लागतो त्यानं मातीत उतरू न्हाई. तालीम सोडली, परत भाताच्या शेतीला लागलो." त्यानं वर पाहिलं. "चोवीस वर्सांचा व्हतो रे म्या, अन्वर."