उबाह कुणाची

संसदेतली ती एक जागा बायकांसाठी राखीव होती, पण अर्जावर जमातीच्या म्होरक्याचा अंगठा लागायचा. मुदत त्याच दिवशीच्या असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजापर्यंत. उबाह सकाळी सासरच्या म्होरक्याकडे जाऊन आली होती. त्या जमातीतली निम्मी पोरं या सुइणीच्या हातांवर जन्मलेली, तरी म्हातारा म्हणाला, "सूनबाई, रक्त माहेरचं आहे तुझं. तिथं बसलीस की भावाचीच री ओढशील."

म्हणून ती माहेरच्या जमातीची बैठक भरते त्या बाभळीखाली आली. तिथला म्होरक्या तिचा सख्खा भाऊ, वर्समे. त्याने चहा मागवला, पोराबाळांची चौकशी केली, अर्जाला मात्र हात लावला नाही.

"तू आता त्यांची, उबाह. तुझी पोरं त्यांची. आपली जागा उचलून त्यांच्या घरात कशी देऊ? लोक जोड्याने हाणतील मला."

"मी त्यांच्यात गेले कशी, दादा?"

वर्समेने मान फिरवली. तीस वर्षांपूर्वी त्याने तिच्या आताच्या सासरच्या जमातीतला एक माणूस मारला होता. सूड टळावा म्हणून भरपाईत उंट गेले आणि सोळा वर्षांची उबाह गेली. त्या करारावर अंगठे कसे पटापट उठले होते!

"तुझ्या जिवाच्या बदल्यात दिलंत मला. तेव्हा बरी तुमची होते!"

"जुनं उकरू नकोस, बाई. चहा घे, निवतोय."

असरची बांग झाली. अर्जाची घडी करून ती उठली आणि घरापर्यंत रडत गेली. लोक बघत होते, तर बघू देत. जागा दुसऱ्या एकीला मिळाली. तिचं माहेर आणि सासर एकाच जमातीतलं होतं.

पंधरा दिवसांनी विहिरीवर पाण्यावरून दोन्ही जमातींच्या बंदुका निघाल्या. आधी सासरचा म्हातारा उबाहच्या दारात आला, त्याच्यामागोमाग वर्समे. दोघांचं म्हणणं एकच, मधे जाऊन बोलणी कर.

"तुझ्यावर कुणी गोळी झाडणार नाही," वर्समे म्हणाला. "तू दोघांचीही आहेस ना."

"हे त्या दिवशी नाही आठवलं?"

उबाहने डोक्यावर शाल घेतली. तोंडावर दार लावून घ्यावं असं फार वाटलं तिला. पण विहिरीच्या एका बाजूला तिचा मुलगा बंदूक घेऊन उभा होता आणि दुसऱ्या बाजूला वर्समेचा, तोही तिच्याच हातांवर जन्मलेला. ती निघाली.