माझा टवका कुठे गेला?

मी एक जुनी तामचिनीची थाळी आहे. आतून लोखंडी पत्रा, वरून पांढराशुभ्र मुलामा आणि काठाला निळी पट्टी. त्या निळ्या पट्टीवर, मित्रांनो, एक टवका उडालेला आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नंतर तोच बघत बसाल. अंगठ्याच्या नखाएवढा आहे, काळा, आणि कडेने जरा गंजलेला. इतकी वर्षं मला त्याची फार लाज वाटायची. आता वाटत नाही. का वाटत नाही, तीच तर माझी गोष्ट आहे.

माझा जन्म भट्टीतला. पत्रा ठोकून मला खोलगट केलं, अंगावर पांढरा लेप चढवला आणि धगधगत्या भट्टीत ढकललं. बाहेर आले तेव्हा अशी झळकत होते की विचारू नका! दुकानात आम्ही बारा जणी एकीवर एक बसलो होतो आणि सगळ्यांत वर मी. कमळीच्या आईने मलाच उचललं आणि लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर दिलं. अशी मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, खाडीकाठच्या कोळीवाड्यात नांदायला आले.

पहिल्याच वर्षी टवका उडाला. जेट्टीवर एक बोका कमळीच्या पाटीतलं पापलेट घेऊन पळाला. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून कमळीने मलाच त्याच्यावर भिरकावलं. कमळीचा नेम पहिल्यापासून वाईट. बोका वाचला, पापलेट गेलं आणि मी दगडावर आपटले. कमळी मला उचलून पदराने पुसत म्हणाली, "जाऊ दे गो, जेवन तर वाढता येतं ना तुझ्यात?" तेवढ्यावर माझी समजूत घातली.

पुढे बरीच वर्षं माझ्यातूनच घर जेवलं. मग स्टीलची ताटं आली. ती पडली तरी टवका उडत नाही म्हणून सगळ्यांना त्यांचं कौतुक. मला मोरीजवळ ठेवलं आणि माझ्यात मांजरांसाठी दूध ओतू लागले. ज्या बोक्यापायी मी विद्रूप झाले, त्याच्याच नातवंडांना मी दूध पाजलं, मित्रांनो! याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मला तिथून सोडवलं रुतिकाने. रुतिका ही कमळीची मुलगी, कॉलेजात शिकलेली, बोलायला फटाकडी. तिने आईच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सकाळी मासळी आली की फोटो टाकायचा आणि लोकांनी घरबसल्या मागवायची. पण स्टीलच्या ताटात उजेड चमकायचा आणि निळ्या प्लास्टिकवर मासे निळे दिसायचे. शेवटी तिने मांजराला हाकललं, मला घासूनपुसून घेतलं आणि म्हणाली, "आई, हीच! पांढऱ्यावर मासा कसा खुलतो बघ." त्या दिवसापासून मी रोज सकाळी एकशे चाळीस घरांत दिसू लागले. गर्व झाला का? झाला तर! का होऊ नये?

कमळीची विकायची एक रीत होती. ती फोटोखाली काही लिहू द्यायची नाही. आजचा मासा आणि काल बर्फात ठेवलेला मासा, दोन्ही माझ्यावर ठेवायची आणि फोटो काढताना अंगठ्याने प्रत्येकाचा कल्ला उघडून धरायची. ताज्या माशाचा कल्ला आतून लालभडक असतो, कालच्याचा तपकिरी पडतो. "कल्ला बगा आनि घ्या, मागून बोलू नका," एवढंच तिचं म्हणणं. लोक कल्ला बघत आणि आपलं आपण ठरवत. कुणाला मसाल्यात घालायला कालचा चालायचा, कुणाला आजचाच हवा असायचा. कमळी स्वतः मात्र फोटो कधीच बघत नसे. समोर मासा असताना फोटो कशाला बघायचा, असं तिला वाटायचं.

एका रविवारी हुदा आली. हुदा सीवूड्सला राहते, मूळची श्रीवर्धनकडची, त्यामुळे मासळीतलं तिला चांगलं कळतं. तिचं काम मोठं गमतीचं आहे. नवीन फोन बाजारात आले की त्यांचे कॅमेरे तपासायचे आणि कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये ते लिहायचं. त्या दिवशी तिच्या हातात एका कंपनीचा सगळ्यात भारी फोन होता. अशा फोनला फ्लॅगशिप म्हणतात म्हणे. मागे तीन मोठे डोळे, दिमाख असा की जणू जेट्टी त्याच्या नावावर आहे.

"मावशी, हा आठवडाभर तुमच्याकडे ठेवते," हुदा म्हणाली. "फुलं नि फ्लेमिंगो काय, सगळेच काढतात. माझे पण काढून झाले, एकदम कडक आलेत. दहापैकी साडेनऊ तर मी मनात देऊन टाकलेत. पण रोजच्या कामाला जुंपल्यावर हा काय करतो, ते मला बघायचंय."

"पान्यात पडला तर?" कमळीने विचारलं.

"टेन्शन नको. पाण्यात पण चालतो."

सोमवारी सकाळी रुतिकाने माझा पहिला फोटो काढला आणि किंचाळलीच. "अय्या आई, काय भारी!" तिने फोन खाली धरला तेव्हा मलाही दिसलं. पापलेटं चांदीची, कोळंबी गुलाबी, बांगड्यांवरचे पट्टे नुकते रंगवल्यासारखे. आणि मी! मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! मी पुन्हा दुकानातल्यासारखी झळकत होते. निळी पट्टी सलग, गोल, कुठे ओरखडा नाही. माझा टवकाच नव्हता!

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. टवका असा एका रात्रीत भरतो का? पण मी खुळावले होते. ग्रुपवर कुणीतरी विचारलंही, "आज नवीन थाळी का?" ते ऐकून मी दिवसभर हवेत होते. मागण्या दुप्पट झाल्या. रुतिका म्हणाली, "फोन असावा तर असा." मी मनात म्हटलं, अगदी बरोबर.

बुधवारी दोन जिताडे होते. उजवीकडचा सकाळी जाळ्यातून आलेला, डावीकडचा कालचा, पण अंगाने मोठा. जयमालाबाईंचा निरोप आला, डावीकडचा ठेव. जयमालाबाई बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. पंधरा वर्षं कमळीशिवाय दुसऱ्या कुणाचा मासा त्यांच्या घरात शिजला नव्हता. कमळीला जरा नवल वाटलं. "बायना कालचा कशाला हवा आज?" ती पुटपुटली. पण कल्ला बघूनच मागितला असेल, असं समजून तिने तो न कापता तसाच पाठवून दिला.

तासाभरात जयमालाबाई स्वतः रिक्षाने बाजारात हजर. पिशवी त्यांनी माझ्या शेजारी आदळली.

"कमळे, आज जावई पहिल्यांदा जेवायला येतोय माझ्याकडे! फोटोत कल्ला लाल आणि हातात हा तपकिरी? मला फसवलंस?"

"बाय, देवाशपत, मी तर कल्ला उघडून दाखवलेला..."

"दाखवलास ना, लाल दाखवलास! हा बघ." त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. कमळीने आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच माशाचा फोटो नीट बघितला. दोन्ही जिताड्यांचे कल्ले लालभडक होते.

"पंधरा वर्षांत तुझा कल्ला कधी खोटा निघाला नव्हता," जयमालाबाई म्हणाल्या आणि पिशवी तिथेच टाकून गेल्या. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली. "फोटो बघून घेऊ नका."

त्या ओळीने होत्याचं नव्हतं केलं. गुरुवारी चार मागण्या आल्या, शुक्रवारी दोन. पण कमळीला विक्रीचं एवढं लागलं नव्हतं. तिला दुसरंच खात होतं.

"तू रंग भरलास फोटोला?" तिने रुतिकाला विचारलं.

"मी कशाला भरू? आई, तुझी शप्पथ, मी फक्त बटण दाबलं!"

"मग कल्ला लाल कोनी केला? मी केला?"

रुतिका रडत आत निघून गेली. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. बाजारात कमळी मान खाली घालून बसायची, कुणाला हाकही मारायची नाही. आणि मी? मला खरं काय ते ठाऊक होतं. ज्याने माझा टवका बुजवला, त्यानेच कल्ला लाल केला. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं. पण खरं सांगते, सोमवारी वाचा असती तरी मी गप्पच बसले असते. मला तेव्हा माझं देखणेपण प्यारं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी हुदा फोन परत न्यायला आली. "काय मावशी, कसा वाटला?"

"तुझा फोन खोटारडा हाय," कमळी म्हणाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

हुदा जरा हसली. "अहो, रंग थोडे गडद करतात सगळेच. एवढं काय होणार नाही त्याने."

तेवढ्यात कमळीची नजर दोन गाळे पलीकडे गेली आणि तिचा चेहरा पडला. जयमालाबाई दुसऱ्या बाईकडून बांगडे घेत होत्या. कमळी उठली, तशीच ओल्या हाताने गेली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाय, माझ्याकडून घेऊ नको. पन एकदा ये आनि डोळ्यांनी बग. मग काय बोलायचं ते बोल."

जयमालाबाईंना बाजारात तमाशा नको होता म्हणून असेल, पण त्या आल्या. कमळीने माझ्यावर दोन बांगडे ठेवले, एक आजचा आणि एक परवाचा. दोन्ही अंगठ्यांनी दोघांचे कल्ले उघडून धरले. एक लाल, एक तपकिरी, कुणालाही कळेल इतका फरक.

"काढ गो फोटो," ती हुदाला म्हणाली.

हुदाने काढला. रुतिकानेही आपल्या जुन्या, तडा गेलेल्या फोनवर काढला. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. रुतिकाच्या फोटोत उजेड कमी, रंग फिके, पण एक कल्ला लाल आणि एक तपकिरी. भारी फोनवर दोन्ही लाल.

"या अल्ला!" हुदा पुटपुटली.

पण जयमालाबाई कचेरीत तीस वर्षं कागद तपासलेल्या. "हे फोनचंच काम कशावरून? उजेडाने लाल दिसत असेल," त्या म्हणाल्या.

रुतिका फोटो निरखत होती. एकदम तिने विचारलं, "आई, थाळीचा टवका कुठे गेला?"

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. माझ्या काठावर टवका होता, काळा, गंजलेला, पस्तीस वर्षांचा. फोटोत निळी पट्टी सलग, गोल. जयमालाबाईंनी माझ्या टवक्यावर बोट फिरवलं. मग फोटोतल्या त्याच जागेवर फिरवलं.

"उजेडाने टवका भरत नाही," शेवटी त्याच म्हणाल्या.

हुदाने फोनमध्ये खटपट केली. खाण्याचे पदार्थ खुलवून दाखवायची सोय फोनने आपणहून चालू केली होती, ती तिने बंद केली आणि पुन्हा फोटो काढला. कल्ला तपकिरी आला. टवका मात्र तरीही अर्धामुर्धाच दिसला. हुदाने कपाळाला हात लावला. "मी फ्लेमिंगोचे फोटो बघून खूश होते! फ्लेमिंगो गुलाबीच असतात ना, मला कसं कळणार?"

जयमालाबाई कमळीकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी तुला फसवी म्हटलं, कमळे. चार लोकांत म्हटलं. चुकले मी. ग्रुपवरही आजच तसं लिहिते."

कमळीने ताजा बांगडा उचलून त्यांच्या पिशवीत घातला आणि मग रुतिकाला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मासळीचाच हात, पण रुतिकाने काही तक्रार केली नाही.

हुदाने नंतर लिहिलं की दूरचे फोटो, अंधारातले फोटो, धावत्या गाडीचे फोटो यात या फोनला तोड नाही. पण दिवाळे गावच्या बाजारात याने माशाचा कल्ला आणि थाळीचा टवका न विचारता दुरुस्त केला, म्हणून दहापैकी सहा. हे लिहून झाल्यावर ती मला मागायलाच आली. पुढचे सगळे फोन तिला माझ्यावर तपासायचे होते.

"थाळी मिलनार नाय," कमळी म्हणाली. "फोन घेऊन तूच ये."

आता ती येते. आजवर नऊ भारी फोन माझ्यापुढे वाकले आहेत, मित्रांनो, आणि त्यांतले पाच नापास झाले. मांजराच्या दुधाच्या थाळीला हा मान, बघा!

मध्यंतरी एक संकट आलं होतं. कमळीचा मुलगा निकेश होडी रंगवून उरलेला रंग घेऊन आला. आईच्या थाळीचा टवका बुजवून द्यावा, असं त्याला प्रेमाने वाटलं. त्याने ब्रश बुडवला मात्र, कमळी अशी ओरडली की जेट्टीवरचे बगळे उडाले. मला पूर्वी असं कुणी रंगवलं असतं तर मी आनंदाने नाचले असते. त्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसले होते.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं, टवका उडालेलं असेल तर त्याला घासा, पुसा, उन्हात वाळवा, गंज वाढू देऊ नका. पण त्याचा टवका तेवढा राहू द्या.

आता रुतिका मला ठेवते तीच टवका कॅमेऱ्याकडे करून. ग्रुपवरचे लोकही आधी टवका शोधतात, मग कल्ला बघतात. आज सकाळीच जयमालाबाईंचा निरोप आला. "टवका दिसला. जिताडा ठेव, जावई येतोय."