बत्तीस नंबरचा आवाज

लिंबाजीनं चौतीस नंबरच्या रेल्वेगेटावरच्या गुमटीत, फरशीवर कोळशानं आखलेल्या पटावरचा एक चिंचोका उचलला, पुढच्या घरात ठेवला आणि फोनमध्ये सांगितलं,

"माजी बकरी अकराव्या घरात."

"अकरा?" पलीकडून सटवाजी हसला. "आरं लेका, वाघाच्या तोंडात द्यायलास तिला."

"खाऊन तर बघ."

"थांब, इचार करू दे. तू लय बेरकी हायेस."

सहा किलोमीटरवरच्या बत्तीस नंबरच्या गेटावर, सटवाजीच्या गुमटीत, असाच पट आखलेला होता. दोन्ही पटांवरच्या घरांना त्यांनी आकडे ठरवून घेतले होते. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं त्याचीही सोंगटी आपल्याकडे हलवायची. डाव कधी दोन-दोन रात्री चालायचा. मध्ये गाडी आली की चिंचोके तसेच ठेवून दोघं आपापलं गेट बंद करायला उठायचे.

फोनची तार एकच होती. तीस ते पस्तीस नंबरपर्यंतची सगळी गेटं तिच्यावरच, आणि स्टेशनातले मास्तरही तिच्यावरच. रात्री एक गाडी गेली की दुसरीपर्यंत मास्तर टेबलावर डोकं टेकायचे. बाकीच्या गेटांवरची माणसं तरुण होती, ती बसल्या जागी झोपायची. लिंबाजीला गुडघे झोपू देत नसत आणि सटवाजीला खोकला. दोघांच्या नोकरीची शेवटची तीन-चार वर्षं उरली होती. सहा वर्षांत त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. दोघांची ड्यूटी रात्रीची आणि दिवस झोपेचा. पण सटवाजी विडी पेटवताना दोन काड्या मोडतो, त्याच्या म्हशीचं नाव काय, धाकटी लेक कुठं दिली, हे लिंबाजीला माहीत होतं. आवाज तर हजार माणसांत कळला असता. जरा घोगरा, आणि वाक्यातला शेवटचा शब्द ओढून सोडलेला, बांधावरून हाक मारल्यासारखा.

एकच गोष्ट लिंबाजीनं सांगितली नव्हती. सटवाजी कधी बोलण्याच्या ओघात म्हणायचा, "आपण कुणबी मानसं." त्यावर पहिल्यांदा लिंबाजीच्या तोंडून नुसता 'हं' निघाला होता. तो 'हं' सहा वर्षं टिकला. गेटापासून हाकेच्या अंतरावर बौद्धांची वस्ती होती, चौदा घरांची. शेवटून तिसरं घर लिंबाजीचं होतं. आत सून आणि दोन नातवंडं झोपलेली असत. मुलगा पूर्ण्याला इंजिनच्या शेडमध्ये कामाला होता.

मुंबईत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता. तेव्हापासून एस्ट्या बंद होत्या. वस्त्या जाळलेल्या कुठल्या कुठल्या गावांची नावं कानावर येत होती. वस्तीतली माणसं दिवसाही बाजाराला जात नव्हती. फोनवर दोघांनी तो विषय काढला नव्हता.

"वाघ सातव्यात," सटवाजी म्हणाला, आणि मध्येच थांबला. "थांब रं जरा. भायेर कोनतरी आलंय."

त्यानं रिसीव्हर खाली ठेवला, पण जागेवर लावला नाही. लिंबाजीला ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू आलं. पुष्कळ पायांचे, पुष्कळ माणसांचे आवाज. कुणीतरी हसलं. पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग सटवाजी परत आला. त्याचा आवाज आता मोठा होता.

"लिंबाजी, ऐक. आपली पोरं निघालीत. साठ-सत्तर हायेत. तुझ्या गेटाच्या पलीकडं ती वस्ती हाय ना, तिकडंच यायलेत. घासलेट हाय संगं."

लिंबाजीनं दारातून वस्तीकडे पाहिलं.

"ऐकायलास का? गेट उघडं ठेव. पोरांना आडवू नगंस. वढ्याला पानी हाय, घंटाभर तरी लागंल त्यांना. घंटाभर, बरं का!"

मागून कुणीतरी करवादलं, "येवढं कशाला सांगत बसलाव?"

"आपलाच मानूस हाय. त्याला सांगाया नको?" सटवाजी म्हणाला आणि हसला. त्याच्याबरोबर मागचे सगळे हसले.

"बरं," लिंबाजी म्हणाला.

त्यानं रिसीव्हर आकड्यावर लावला. सहा वर्षं कानाशी धरलेलं हसू ते. त्यानं तो कान तळव्यानं पुसला.

त्याची बायको कडूबाई कोपऱ्यात गोणपाटावर झोपली होती. भाकरी घेऊन आलेली ती पावसामुळं इथंच राहिली होती. लिंबाजीनं तिला हलवलं.

"ऊठ. वस्तीवर जा. समद्यांना उठव आन् ज्वारीत घाल. दिवा लावू देऊ नगंस कुनाला."

"काय झालं?"

"यायलेत."

कडूबाई ताडकन उठून बसली. "कोन सांगितलं?"

लिंबाजीच्या तोंडाला नाव येईना. "फोन आला," तो म्हणाला.

"आन् तुमी?"

"मालगाडी हाय. गेट सोडता येत न्हाई."

कडूबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचला आणि चिखलात अनवाणीच पळत सुटली.

थोड्या वेळानं मास्तरांची घंटी आली. मालगाडी सुटली होती. लिंबाजीनं गेट बंद केलं, कुलूप घातलं, येऊन गेट बंद झाल्याची खूण म्हणून कागदावरचा पुढचा आकडा मास्तरांना सांगितला. आपला आवाज रोजच्यासारखाच निघाला याचंच त्याला नवल वाटलं. गाडी गेली. गाडी गेली की गेट उघडायचं, हा नियम. पण त्यानं कुलूप तसंच ठेवलं आणि पावसात किल्ली मुठीत धरून उभा राहिला. वस्तीच्या बाजूनं एक लेकरू रडलं आणि लगेच गप झालं. मग तिकडून काहीच ऐकू आलं नाही.

ट्रॅक्टरचा दिवा वळणावर दिसला. गेटाशी येऊन तो थांबला. ट्रॉलीत माणसं दाटीनं उभी होती, बऱ्याच जणांनी तोंडाला उपरणी गुंडाळली होती. एकजण उतरून पुढं आला. दिवा त्याच्या पाठीमागं होता, तोंड दिसत नव्हतं. हातात डबा होता.

"मामा, गेट उघडाऽ."

घोगरा आवाज. ओढून सोडलेला शेवटचा शब्द. जो माणूस कानात राहत होता, तो आता समोर उभा राहून बोलत होता.

"उघडतो, सटवाजी," त्याच्या तोंडून निघून गेलं.

पोरगा चपापला. मग हसला, तेही तसंच. "सटवाजी माजा बाप. म्या बन्सीधर. म्हंजी तुमी लिंबाजीकाका व्हय? आवं, आबा घरात बी तुमचंच नाव घेत असत्यात. माझ्या मायनं तर म्हनलं, त्या लिंबाजीसंगंच संसार करा."

ट्रॉलीतले दोघे-तिघे हसले. बन्सीधरनं हातातला डबा खाली ठेवला. वाकला आणि लिंबाजीच्या दोन्ही पायांना हात लावून तो हात कपाळाला नेला. मग डबा पुन्हा उचलला.

कुणब्याचा पोरगा आपल्या पाया पडला, हे लिंबाजीच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तो पावलांकडे बघत राहिला. पोराच्या बोटांना घासलेटाचा वास होता, तो पायाला लागला होता.

"काका, घाई हाय."

लिंबाजीनं कुलूप काढलं. गेट उघडलं. ट्रॅक्टर रूळ ओलांडून गेला.

तो गुमटीत गेला नाही. आभाळ तांबडं होईपर्यंत आणि मग ते पुन्हा काळं होईपर्यंत तो तिथंच उभा होता. पहाटे पॅसेंजर गेल्यावर कडूबाई आली. लुगडं कमरेपर्यंत चिखलानं भरलेलं.

"पोरं?" त्यानं विचारलं.

"पोरं हायेत. सून हाय. घरं ऱ्हाईली न्हाईत." ती खाली बसली. "तानुबाई आतच ऱ्हाईली."

तानुबाई वस्तीतली सर्वांत म्हातारी. एकटी राहायची.

"म्या तिचं दार वाजवलं," कडूबाई म्हणाली. "दोनदा वाजवलं. आन् पुढं गेले. तिला ऐकू येत न्हाई, ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई हो."

दोन दिवसांनी पोलीस आले. शाळेच्या ओसरीवर जमादार एकेकाचा जबाब घेऊ लागला. ज्यानं त्यानं हेच सांगितलं, की आम्ही ज्वारीत होतो, अंधार होता, तोंडं बांधलेली होती. लिंबाजीला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं.

त्या रात्री फोनची घंटी वाजली. एक लांब, दोन आखूड. बत्तीस नंबरवरून चौतीस नंबरला. आधीच्या दोन्ही रात्री ती अशीच वाजली होती आणि लिंबाजीनं वाजू दिली होती. आज त्यानं रिसीव्हर उचलला.

"लिंबाजी?"

"हं."

"समदे येळेवर निघाले ना?"

लिंबाजी भिंतीला टेकत खाली बसला.

"म्या कोन ते तुला ठाव व्हतं?"

"पयल्या पावसाळ्यापासून. स्टेशनात हजेरीच्या कागदावर तुजं आडनाव बगितलं."

"बोलला न्हाईस कवा."

"तू बी न्हाई बोललास." सटवाजी खोकला. "त्या राती भोवती तेच हुबे व्हते. दुसरं कसं बोलनार व्हतो? तुला कळंल वाटलं. कळलं ना? समदे निघाले ना?"

"तानुबाई ऱ्हाईली. म्हातारी व्हती. भैरी."

तारेत नुसती घरघर ऐकू येत होती. मग विडीसाठी काडी ओढल्याचा आवाज आला. एक मोडली. दुसरी मोडली. तिसरीही मोडली.

"अंधार लय व्हता त्या राती," सटवाजी हळू म्हणाला.

"व्हता."

"पाऊस बी व्हता."

"पाऊस बी व्हता."

"कोन कोन व्हतं, दिसलं नसंल कुनाला."

लिंबाजीनं डोळे मिटले. "न्हाई," तो म्हणाला. "दिसलं न्हाई."

पलीकडं सटवाजीनं मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "पोराच्या बायकूला सातवा म्हैना हाय, लिंबाजी."

मास्तरांची घंटी मध्ये आली. दोघं आपापलं गेट बंद करायला उठले.

सकाळी शाळेच्या ओसरीखाली वस्तीतली सगळी माणसं बसली होती. कडूबाई खांबाजवळ उभी होती. जमादारानं लिंबाजीचं नाव, वय, नोकरी लिहून घेतली.

"ट्रॅक्टर तुझ्याच गेटातून गेला?"

"व्हय."

"गेटाला कुलूप होतं?"

"व्हतं."

"मग उघडलं कोणी?"

"म्या."

ओसरीखालची कुजबुज थांबली. कडूबाईनं मान वर केली. लिंबाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"कोणाला बघितलंस?" जमादारानं विचारलं. उत्तर माहीत असल्यासारखा तो पुढचा कागद काढत होता.

"अंधार व्हता साहेब. दिसलं न्हाई कुनी."

"ठीक आहे. अंगठा की सही?"

"सही." पेन हातात घेऊन लिंबाजी तसाच उभा राहिला. त्यानं सही केली नाही. पेन परत टेबलावर ठेवलं.

"दिसलं न्हाई," तो म्हणाला. "पर आवाज ऐकला. सटवाजीचा पोरगा. बन्सीधर. बत्तीस नंबरच्या गेटवाल्याचा. त्याच्या हातात डबा व्हता."

जमादारानं कागद खाली ठेवला. "त्या पोराला आधी कधी बघितलं होतंस?"

"न्हाई."

"त्याच्या बापाला?"

"त्याला बी न्हाई."

"न बघितलेल्या माणसाच्या पोराचा आवाज ओळखतोस?"

"सा वर्सं झाली. रोज रातच्याला बोलतो आमी."

"बोलता? हा सटवाजी तुझा लागतो कोण?"

लिंबाजीनं ओसरीखाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"दोस्त हाय माजा. ते यायलेत म्हनून त्यानंच मला फोन केला. ही समदी मानसं त्याच्यामुळं जित्ती हायेत. ते बी लिवा."

बाप आणि पोरगा एकाच गावात, एकाच घरात राहतात, आणि बापानं आधी कळवलं होतं हे आता त्या गावालाही कळणार, हे जमादाराच्याही ध्यानात आलं. त्यानं पेन उचललं, टोपण काढलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"यातलं आधी कोणतं लिहू?" त्यानं विचारलं.