देवमाशाचा दात

“तोंड पाडून बसू नकोस, अजून कुणी मेलेलं नाही,” पायऱ्या चढता चढता साकिउसा म्हणाला. “आणि टक्कल किती वाढलंय रे तुझं. केसांनीपण संप केला का?”

“तुझे केस बरे चकाकतायत. तेल मालकाकडून मिळतं वाटतं,” इनोकेने परतवलं.

आतेमामेभावांत एवढं चालायचंच. पण साकिउसा ट्यूना माशांच्या कारखान्यात नोकरभरती बघणारा अधिकारी होता, इनोके त्याच कारखान्याच्या युनियनचा सेक्रेटरी, आणि आज संपाचा एकोणिसावा दिवस होता.

रविवारी कामावर यायला नऊ बायकांनी नकार दिला होता. रविवार चर्चचा, हे या बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. कंपनीने नऊही जणींना काढून टाकलं. त्यांत इनोकेची बायको उनाइसीही होती. “आधी त्या नऊजणी आत, मग आपण,” असं इनोकेने फाटकासमोर चारशे माणसांना सांगितलं, आणि आजपर्यंत एकही माणूस फुटला नव्हता.

साकिउसाच्या मागून एरोनीमामा आत आले. वय ऐंशी. दोन बोटी बदलून आले होते. त्यांच्या हातात विणलेल्या दोरीत ओवलेला, पिवळा पडलेला देवमाशाचा दात दिसला आणि ते कशाला आलेत ते इनोकेला कळलं.

झाल्या चुकीची माफी मागायला असा दात पुढे करतात. समोरच्याने तो हाती घेतला की भांडण मातीत पुरलं. मग ते कुणी उकरायचं नसतं.

मामा चटईवर बसले. दोन्ही हातांवर दात धरून म्हणाले, “भाच्या, कंपनीत आपलाच मुलगा आहे. त्याच्या हातून चुकलं. तुझ्या आईच्या गावातर्फे मी आलोय. पोटात घाल.”

“मामा, त्या नऊजणींना परत घेणार का, तेवढं आधी सांगा.”

“दातापुढे सौदा करतात का रे?” मामा रागावले नाहीत. लहान मुलाची चूक दाखवावी तसे म्हणाले.

“घे रे,” साकिउसा म्हणाला. “त्या नऊजणींचं मी बघतो. आत मी आहे ना.”

स्वयंपाकघराच्या दारात उनाइसी उभी होती. तिने हळूच मान हलवली. नको.

इनोकेला तसा सही केलेला कागद हवा होता. पण मामांचे हात दाताच्या भाराने खाली येऊ लागले होते. दात घेतला जाईपर्यंत त्यांना ते टेकवता येणार नव्हते. आणि न घेतलेला दात घेऊन गावात परतायचं म्हणजे उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढायचं. हात आणखी खाली आले. इनोकेने पुढे होऊन दात घेतला.

मामांनी रीतीप्रमाणे सावकाश टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले. दारात आता कुणी नव्हतं.

पाहुणे गेल्यावर उनाइसी म्हणाली, “काय केलंस हे?”

“मामांचे हात बघितलेस ना तू?”

“बघितले. माझ्याकडे बघितलं असतंस तर बरं झालं असतं.”

सोमवारी फाटकावर कामावर परत घेतलेल्यांची यादी लागली. नऊ नावं सोडून सगळी होती.

“मी वर विचारलं,” साकिउसा खालच्या आवाजात म्हणाला. आज त्याला थट्टा सुचत नव्हती. “साहेब म्हणतात, भांडण मिटलं ना? मग आता कसल्या अटी?”

“परत बसू की बाहेर,” गर्दीतून तिमोदी म्हणाला. तो बॉयलरवर होता, इनोकेचा जुना सोबती.

“पुरलेलं उकरता येत नाही. आईचं गाव आहे माझ्या.”

“तुझ्या आईचं,” तिमोदी म्हणाला. “आमच्या नाही.”

पण एकेक करून माणसं आत गेली. तिमोदीही गेला. भोंगा झाला तेव्हा आत जायचा इनोके एकटाच उरला होता.

फाटकाच्या वाटेवर त्या नऊजणी गवतात बसल्या होत्या. कुणी घोषणा देत नव्हतं. बसलेल्यांपुढून जाताना कमरेत वाकून ‘तुलोउ’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणायचं, हे इथल्या प्रत्येक मुलाला चालायला लागताच शिकवतात. घरच्या माणसांपुढे एवढं कुणी पाळत नाही. इनोके वाकला, सरदारापुढे वाकतात तेवढा खाली, आणि “तुलोउ” म्हणाला.

 उनाइसीने पसरलेले पाय जवळ घेतले आणि त्याला वाट करून दिली. फाटक येईपर्यंत तो तसाच वाकून चालत राहिला.